उसाआडचा मनोरा

शिकलं की माणूस शहाणा होतो, असा श्यामला गजभिये यांचा एके काळी समज होता. मुलगा इंजिनियर झाल्यापासून तो हळूहळू उतरत गेला, आणि जो थोडाफार उरला होता तोही दोन हजार आठ सालच्या एप्रिलातल्या एका रविवारी, मांजरीच्या पुढे नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, गाडीच्या मागच्या सीटवर हादरे खाता खाता संपला.

"बघ आई, किती ग्रीन आहे सगळं," शुभंकर स्टिअरिंगमागून म्हणाला.

श्यामलाबाईंनी बघितलं. एप्रिल महिन्यात पुण्याच्या पूर्वेला जेवढं हिरवं असायचं तेवढं होतं, म्हणजे एक बाभूळ. बाकी नुकताच ऊस तुटून गेलेलं रान पसरलं होतं, पाचट जाळल्यामुळे काळं पडलेलं. आणि त्या रानाच्याही खाली, नदीच्या बाजूला, त्यांच्या मुलाने बांधलेलं घर होतं. घराला बाहेरून गिलावा नव्हता. विटा उघड्या ठेवणं ही आर्किटेक्टची कल्पना होती आणि तिचं त्याने वेगळं बिल लावलं होतं. श्यामलाबाईंच्या आजोबांच्या घरालाही कधी गिलावा लागला नव्हता, पण ती कुणाची कल्पना नव्हती.

भंडारा जिल्ह्यात ते आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या धानात राबले. खेडं सोडा, शहरात जा, शिका, हे बाबासाहेबांचं सांगणं वडिलांनी तंतोतंत ऐकलं आणि नागपूरला गिरणीत लागले. श्यामलाबाई त्याच्याही पुढे गेल्या. डिप्लोमा करून टेलिफोन खात्यात शिरल्या, बदलीवर पुण्याला आल्या, आणि वारज्याचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवायचे त्या काळात तिथे फ्लॅट घेतला. दारावर पितळी पाटी लावली: श्यामला गजभिये. नवरा हयात असतानाही पाटीवर एवढंच होतं, आणि त्या भल्या माणसाने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. सासर-माहेर दोन्हीकडे मिळून स्वतःच्या नावाचं घर असलेली ती पहिली बाई. आता ज्या मातीतून सुटायला एवढा खटाटोप केला, तिथेच हा मुलगा कर्ज काढून परत चालला होता आणि त्याला फार्महाऊस म्हणत होता.

त्या दिवशी घरावर दोन गोष्टी बसायच्या होत्या. एक सूर्यावरची वीज, कारण गावात भारनियमनामुळे दिवसाचा बराच वेळ वीज नसे. दुसरं इंटरनेट, कारण त्याशिवाय शुभंकरला इथे राहून हडपसरच्या कंपनीचं, अमेरिकेतल्या लोकांशी बोलत करायचं काम करता आलं नसतं.

सूर्यवाला टाय लावून आला होता. चाळीस अंशांत टाय लावणाऱ्या माणसाकडून काही विकत घेऊ नये एवढं तरी एम.ई. झालेल्या मुलाला कळावं, असं श्यामलाबाईंना वाटलं.

"सूर्य तर फ्री आहे, मॅडम," तो हसून म्हणाला.

"हो का? मग बिल कशाचं, सावलीचं?"

टायवाला गच्चीवर गेला तो उतरून परत त्यांच्या वाटेला आला नाही.

जेवताना शुभंकरने खरा विषय काढला. पूर्वाने, म्हणजे सुनेने, डब्यातली वांग्याची भाजी वाढली होती. ती वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवायची आणि वारज्याहून रोज सगळं शहर ओलांडून जायची. तिला हे घर जवळ पडणार होतं, हे श्यामलाबाईंनाही मान्य होतं. पण शुभंकरचं म्हणणं एवढंच नव्हतं.

"आई, आपण सगळेच इथे शिफ्ट होऊ. वारज्याचा फ्लॅट विकला की कर्जाचं टेन्शन संपलं. तुलाही मोकळी हवा. बाग कर, गाय पाळ."

"गाय," श्यामलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे, वाटलं तर."

"माझी आजी दुसऱ्यांच्या गायींचं शेण काढायची. तिला किती मोकळी हवा मिळाली ते तुला सांगायचं राहूनच गेलं."

शुभंकर पाणी प्यायला. तो वाईट मुलगा नव्हता, हीच श्यामलाबाईंची खरी अडचण होती. वाईट असता तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. फ्लॅट त्यांच्या नावावर होता, त्यांच्या सहीशिवाय कुणी दाराची कडीही विकू शकत नव्हतं. पण मुलगा तोंडासमोर बसून आर्जवाने विचारतो, सून ताटात गरम पोळी वाढते, अशा वेळी नाही म्हणायला कारण लागतं. मला तिथे माझ्या नावाच्या दारामागे मरायचंय, हे काही कारण म्हणून सांगता येत नव्हतं.

कारण त्यांना दुपारी गच्चीवर सापडलं.

इंटरनेट बसवायला सौरभ नावाचा मुलगा आला होता. हडपसरच्या कुठल्याशा छोट्या कंपनीचा, काळा चष्मा, कमरेला चार पाकिटं. मांजरीत एका इमारतीच्या डोक्यावर त्यांचा मनोरा होता. तिथून सिग्नल हवेतून यायचा आणि इथल्या गच्चीवरच्या अँटेनाने तो पकडायचा. ती ताटाएवढी पांढरी अँटेना सौरभने कठड्याला कमरेएवढा पाइप ठोकून त्यावर बसवली. काळ्या रानावरून पलीकडे मांजरीचा मनोरा स्वच्छ दिसत होता.

"एकदम क्लिअर लाइन ऑफ साइट आहे, सर," सौरभ म्हणाला. "मधे काहीच नाही."

श्यामलाबाई छत्री घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी मधलं रान बघितलं. रान घरापेक्षा उंचावर होतं, उतारावरच्या पायरीसारखं. गच्चीवर उभं राहिलं की त्याची माती जवळजवळ गुडघ्याच्या पातळीला यायची. आणि त्या काळ्या मातीत, तोडलेल्या उसाच्या प्रत्येक बुडख्यातून, बोटभर हिरवे कोंब वर आले होते.

श्यामलाबाई खात्यात मायक्रोवेव्हमध्ये होत्या. शहराशहरांतले ट्रंक कॉल डोंगरावरून डोंगरावर हवेतून पाठवायचे, हे त्यांच्या विभागाचं काम. दोन मनोऱ्यांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, हा त्या कामातला पहिला धडा. आज मधे काय आहे ते कुणालाही दिसतं, पुढच्या वर्षी मधे काय असेल ते बघा, हा दुसरा. सासवडच्या बाजूला कुणीतरी निलगिरी लावली म्हणून त्यांनी एकदा आख्खा मार्ग नकाशावर सरकवून घेतला होता. वरिष्ठ हसले होते, आणि निलगिरी वाढल्यावर हसायचे थांबले होते. हा तर ऊस होता. दिवाळीच्या सुमाराला पुरुषभराच्या दुप्पट उंच होणारा, पाण्याने भरलेला, पानापानाने सिग्नल पिऊन टाकणारा ऊस. पुण्यात जन्म काढलेल्या माणसांना रान रिकामं दिसतं तेव्हा ते रिकामं नसतं, नुसतं तुटलेलं असतं, हे कुणी सांगायला लागावं, याचं श्यामलाबाईंना हसू आलं. हे सगळे पगारदार लोक उसाच्या रसाच्या गाड्यावर लहानाचे मोठे झाले, आणि ऊस उगवतो हे त्यांच्या गावी नव्हतं.

तरीही त्या बोलायला निघाल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बांधकामाच्या वेळी बोअरसाठी आणलेले लांब लोखंडी पाइप घराच्या मागच्या भिंतीला टेकून पडले होते. त्यातला एक उभा केला की प्रश्न मिटत होता. त्यांनी तोंड उघडलं.

"काकू, जरा बाजूला होता का?" सौरभ लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "तुम्ही सिग्नलमध्ये येताय."

श्यामलाबाई बाजूला झाल्या. तोंडही मिटलं.

पूर्वा जिन्यात उभी होती. "आई, तुम्ही टेलिफोनमध्येच होता ना? तुम्हाला काय वाटतं, चालेल हे?"

"मला काय कळतंय तुमच्यातलं," श्यामलाबाई म्हणाल्या.

परतताना गाडीत त्यांनी अट घातली. आवाज इतका गोड होता की पूर्वाने मागे वळून पाहिलं.

"फ्लॅटचं म्हणशील तर माझी ना नाही. फक्त मला एकदा दाखव. दसऱ्याच्या दिवशी, आपला धम्मचक्र प्रवर्तन दिनही आहे, त्या दिवशी तिथूनच तुझ्या अमेरिकेशी तासभर नीट बोलून दाखव. न तुटता. मी दुसऱ्या दिवशी सही करते."

"अगं, दसऱ्यापर्यंत कशाला? पुढच्या रविवारी दाखवतो."

"दसऱ्याला," श्यामलाबाई म्हणाल्या. "तिथूनच."

शुभंकर हसला. एवढी सोपी परीक्षा त्याला आयुष्यात कुणी घातली नव्हती.

उन्हाळाभर सगळं उत्तम चाललं. सूर्यावरची वीजही चालली, याचा श्यामलाबाईंना थोडा रागच आला. टायवाल्याकडून त्यांना जास्त अपेक्षा होती. गावात वीज गेली की या घरातला पंखा फिरत राहायचा, राऊटरचे हिरवे दिवे लुकलुकत राहायचे, आणि शुभंकर आल्यागेल्याला बॅटऱ्या दाखवायचा. पावसाळ्यात ढग आले तरी बॅटऱ्यांनी दगा दिला नाही. सूर्याबाबत आपला अंदाज चुकला हे त्यांनी मनात कबूल केलं. तो त्यांचा विषय नव्हता. त्यांच्या विषयात त्यांचा अंदाज चुकत नसे.

जुलैपासून शुभंकर रोजच तिकडे जायला लागला. ऑफिसचा डबा बंद झाला. इस्त्रीचे शर्ट कपाटात लटकून राहिले, हा टी-शर्टावर गाडी काढायचा आणि संध्याकाळी धुळीने माखून परत यायचा. कंपनी घरून काम करू देते म्हणे. श्यामलाबाईंनी कपाळाला हात लावला. त्या डोंगरावरच्या स्टेशनात पावसाळ्यात ड्यूटी करायच्या तेव्हा जीप बंद पडली तर पायी चढून सही करावी लागे, आणि यांना खुर्ची आवडली नाही तर घरी बसून पगार. कंपन्यांनीच ही पिढी शेफारून ठेवली, असं त्यांचं मत पक्कं झालं. पूर्वा हल्ली फारशी बोलत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीचा लावला: तिलाही आता या खुळाचा कंटाळा आला असणार.

रविवारी त्या हौसेने फार्महाऊसवर जायला लागल्या होत्या. शुभंकरला वाटलं, आईला जागा आवडायला लागली. त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि ऊस बघायच्या. जूनमध्ये तो कमरेला होता. पोळ्याला त्यात माणूस दिसेनासा झाला. पीक बघून एवढं समाधान त्या उसाच्या मालकालाही मिळालं नसेल.

मालक म्हणजे रंगराव. एकदा तो बांधावरून चालला होता तेव्हा श्यामलाबाईंनी त्याला हाक मारली. पूर्वा मागे पेपर तपासत बसली होती.

"ऊस चांगला आलाय, रंगराव. तोडणार कधी?"

"अजून लई टाइम हाय, म्याडम. टोळी जानेवारीबिगर येत न्हाय. का वो?"

"काही नाही, सहज."

"जाताना नेता का चार कांड्या?"

"नको. उभाच चांगला दिसतो," श्यामलाबाई म्हणाल्या.

गणपती झाले आणि गंमत सुरू झाली. वारा आला की इंटरनेट जायचं. वारा पडला की यायचं. पाऊस पडून गेला की ओल्या पानांमुळे तासन्‌तास यायचंच नाही. शुभंकरने आधी राऊटर बदलला. मग वायर बदलली. मग सूर्याच्या विजेत काही खोट आहे असं ठरवून टायवाल्याशी फोनवर भांडण केलं. श्यामलाबाई प्रत्येक वेळी चहाचा कप हातात घेऊन मूग गिळून बसल्या. त्या बोलत नव्हत्या, पण मनातल्या मनात गुण देत होत्या, आणि एकालाही पासापुरते गुण मिळत नव्हते.

सौरभ दोनदा आला. दुसऱ्या वेळी रंगरावाने बांधावरून कांड्या दिल्या, त्या घेऊन सौरभ आणि शुभंकर गच्चीवर चढले. श्यामलाबाई खालच्या अंगणातून बघत होत्या. दोघे अँटेनाच्या दोन बाजूंना उभे होते, उसाकडे पाठ करून. सौरभ दाताने ऊस सोलत होता आणि चोयटी गच्चीवरून खाली टाकत होता.

"इशू तुमच्या एंडला वाटतोय, सर," तो ऊस चघळत म्हणाला. "आमच्या टॉवरचे बाकी सगळे क्लाएंट ओके आहेत."

त्याच्या पाठीमागे तोच ऊस गच्चीच्या वर डोकं काढून डोलत होता. मांजरीचा मनोरा आता कुठे दिसतच नव्हता, आणि तो दिसत नाही हे त्या दोघांच्या ध्यानात येत नव्हतं, कारण दोघेही लॅपटॉपवर सिग्नल शोधत होते. श्यामलाबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या शुद्ध, निर्भेळ मूर्खपणाचं दर्शन त्यांना खात्यातही झालं नव्हतं, आणि खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईचं हे मत होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, वारज्यात, पूर्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कॉलेजला उशीर होत होता तरी निघाली नव्हती.

"आई, खरं सांगा. तुम्हाला काहीच सुचत नाही का? तुम्ही यातल्याच होता. एकदा वर जाऊन बघा ना. शुभंकर झोपत नाही हो नीट."

तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं. श्यामलाबाईंना ते दिसलं, नाही असं नाही. पण दारावरची पितळी पाटी त्यांनी आत्ताच चिंच लावून घासली होती, दसरा पंधरवड्यावर आला होता, आणि जिंकत आलेला डाव कुणी सोडत नाही.

"मला काय कळतंय तुमच्यातलं," त्या म्हणाल्या आणि कढईत मोहरी टाकली.

दसऱ्याला सकाळी तिघांनी विहारात वंदना घेतली. श्यामलाबाई पांढरी साडी नेसल्या होत्या. दुपारी गाडीत बसताना त्यांनी पर्समध्ये पेन आहे ना, हे उगाचच सगळ्यांसमोर पाहिलं. "सहीला लागेल," त्या म्हणाल्या. शुभंकर हसला नाही.

फार्महाऊसवर त्याने टेबल पुसलं, खुर्ची सरळ केली, आणि चक्क इस्त्रीचा शर्ट घातला. संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, बोलायचं ठरलं होतं. श्यामलाबाई व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीवर बसल्या. उसाला तुरे यायला लागले होते. सूर्य कलला आणि नदीकडून रोजचा वारा सुटला.

आतून शुभंकरचं इंग्रजी ऐकू येत होतं. आधी मोकळं, हसतखेळत. मग एक वाक्य दोनदा. मग "कॅन यू हिअर मी", आणि परत "कॅन यू हिअर मी", आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज. पूर्वा जिन्यावरून वर पळाली, खाली आली. राऊटर बंद केला, चालू केला. पंखा मात्र मजेत फिरत होता. सूर्याने आपलं काम चोख केलं होतं.

श्यामलाबाईंनी या क्षणासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. गेले कितीतरी रविवार त्या ते घासूनपुसून ठेवत होत्या. राहू दे बाळा, पुढच्या दसऱ्याला बघू.

शुभंकर बाहेर येऊन पायरीवर बसला. शर्टाची बाही त्याने कोपरापर्यंत ओढली.

"गेला," तो म्हणाला. "मोबाइलवर फोन करून म्हणाला, ज्याची लाइन टिकत नाही त्याच्याकडे काम कसं देऊ. बरोबरच आहे त्याचं."

"अरे, कंपनीचं काम. उद्या ऑफिसातून बोल," श्यामलाबाई म्हणाल्या. तयार वाक्य त्यांनी अजून राखून ठेवलं होतं.

"कंपनी नाही, आई. कंपनीने जुलैतच काढलं. मंदी आहे, आमच्या फ्लोअरवरचे निम्मे लोक गेले. तुला सांगितलं नाही. हा एक माणूस होता तिकडचा, हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करून हवं होतं त्याला. तीन महिने त्याच्यामागे लागलो होतो. आज शेवटचा डेमो होता."

ऊस सळसळत होता. श्यामलाबाईंना पहिल्यांदाच त्याचा आवाज नको झाला.

"मग असलं बोलणं वारज्याहून नाही का करायचं? तिथे काय नेट जातं?" त्या जवळजवळ रागावूनच म्हणाल्या.

शुभंकरने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसता थकवा होता.

"तूच म्हणालीस ना, दसऱ्याला, तिथूनच. म्हटलं, दोन्ही एकदम होईल. काम मिळालं असतं तर सांगणार होतो तुला, की सही नको करूस. हप्ते निघाले असते आमचे. फ्लॅट सोडायचं तुझं मन नाहीये, ते काय मला दिसत नव्हतं? पाटी घासतेस रोज." त्याने दुसरी बाहीही वर ओढली. "आता मात्र विकावाच लागेल, आई. हे घर या मंदीत कुणी घेणार नाही. सॉरी."

राखून ठेवलेलं वाक्य श्यामलाबाईंच्या तोंडात तसंच राहिलं, आणि त्याची त्यांना शिसारी आली. आयुष्यभर त्यांनी बिनडोक वरिष्ठ बघितले, आळशी कनिष्ठ बघितले, टायवाले आणि चष्मेवाले बघितले, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात नापास केलं. सगळ्यांत जास्त गुण मिळवून सगळ्यांत मोठा मूर्खपणा करणारी बाई त्या यादीत बसायची राहिली होती.

"पाइप उभा कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मागे बोअरचा पाइप पडलाय. अख्खा. तो कठड्याला उभा बांध आणि अँटेना त्याच्या टोकाला लाव. उसाच्या वर गेली पाहिजे. ऊस आडवा येतोय."

शुभंकर उठला. त्याने गच्चीकडे बघितलं, उसाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तो धावतच मागे गेला. रंगरावालाही बांधावरून बोलावलं. दोघांनी दोर लावून पाइप उभा केला, शिडीवर चढून शुभंकरने अँटेना बांधली, आणि अजून उजेड होता तेवढ्यात राऊटरचे सगळे दिवे हिरवे झाले. वारा तसाच वाहत होता. दिवे हलले नाहीत.

त्याने अमेरिकेला लागलीच निरोप पाठवला. तिकडून दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं की, दुसऱ्याला काम दिलं आहे, शुभेच्छा.

"एका मिनिटात ओळखलं आईने," शुभंकर आत येऊन म्हणत होता. एवढं होऊनही त्याच्या आवाजात कौतुक होतं. "त्या सौरभला सहा महिन्यांत दिसलं नाही. आई, तू आधीच वर येऊन बघितलं असतंस तर."

श्यामलाबाई साडीवरची धूळ झटकत राहिल्या. पूर्वा दारात उभी होती. ती शुभंकरसारखी भोळी नव्हती. एप्रिलातली छत्री, रविवारची खुर्ची, रंगरावाकडे केलेली तोडणीची चौकशी, ती एकेक करून जुळवत असावी, कारण तिचा चेहरा अगदी शांत झाला होता.

"त्यांना काय कळतंय आपल्यातलं," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने तिघांची ताटं घेतली.

फ्लॅट डिसेंबरात गेला. सहीसाठी पेन श्यामलाबाईंच्याच पर्समधलं होतं. पितळी पाटी त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. फार्महाऊसच्या दाराला लावू का, असं शुभंकरने विचारलं. त्या नको म्हणाल्या. त्या दारावर ती लावावी एवढी आपली लायकी राहिली नाही, असं त्यांना वाटत होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. पूर्वाही कधी काही बोलली नाही. ती त्यांना अहो-जाहो करायची, वेळेवर औषध द्यायची, आणि सल्ला मात्र कशातच विचारायची नाही.

शुभंकरला पुढे छोटी छोटी कामं मिळायला लागली. इंटरनेट एकदाही गेलं नाही.

जानेवारीत टोळी आली, कोयते चालले, आणि रान पुन्हा पार मांजरीपर्यंत मोकळं झालं. त्या मोकळ्या रानासमोर घराच्या कठड्याला बांधलेला तो उंच पाइप आणि त्याच्या टोकावरची ताटाएवढी अँटेना दुरूनही दिसायची, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा की मधे काहीच नाही तर एवढा उंच खांब कशाला.

"आमच्या आईने सांगितलं," शुभंकर अभिमानाने म्हणायचा. "ती मायक्रोवेव्हमध्ये होती. तिला आधीच दिसतं."

पाहुणे कौतुकाने श्यामलाबाईंकडे वळायचे. पूर्वा तेवढ्यात उठून चहा टाकायला आत जायची.